बाभळीचं उष्टं बी

दहा दिवस झाले तरी एकाही पिशवीतून कोंब वर आला नव्हता. वीस दिवसांनी मोठे साहेब इन्स्पेक्शनला येणार होते. रोपं नसली तर आमची जंगलखात्याची नर्सरी बंद, आणि आम्हा पाच बायांचं कामही बंद.

बाभळीच्या बियाचं कवच टणक असतं. पाणी आत शिरत नाही. म्हणून खात्याच्या रीतीनं बियावर उकळतं पाणी ओतायचं आणि तसंच भिजत ठेवायचं. याला ट्रीटमेंट म्हणत. आमच्या गार्डनं मात्र बी पातेल्यात घालून चुलीवर तासभर ठेवलं होतं. घुगऱ्या झाल्या होत्या. मी पाहत होते, पण बोलायचा धीर झाला नाही.

आम्ही आंध आदिवासी माणसं. बांधावर बाभूळ लावायची तर आमच्यात आधी शेंगा शेळ्यांना चारतात. शेळी रवंथ करताना बी थुंकते. चघळून कवच मऊ झालेलं असतं. सकाळी शेळ्या बसल्या जागेवरून ते झाडून घ्यायचं. मी सासूच्या शेळ्यांचं ओटीभर बी घरून आणलं आणि गुपचूप पेरू लागले. गार्डनं पाहिलंच.

"ओटीत लेंड्या काहून आणल्या?"

"बी हाय, दादा."

"सरकारी पिशवीत शेळीचं उष्टं टाकून राहिली व्हय?"

"शिजलेलं उगवत न्हाई," मी पदराआडून म्हटलं.

तो पाठ फिरवून निघून गेला. सातव्या दिवशी कोंब दिसले, तेव्हा हळूच म्हणाला, "तुझ्या सासूला म्हणाव, शेळ्या इकडंच आण. मागच्या काट्याच्या कुपाटीतून. समोर पाटी हाय."

पाटीवर लिहिलं होतं, 'शेळ्यांना सक्त मनाई'. ती त्यानंच रंगवली होती.

साहेब आले. रोपं बोटभर झाली होती. साहेब खूश.

"ट्रीटमेंट कोणती दिली?"

"उकळत्या पाण्याची, साहेब."

साहेबांनी पेरायला ठेवलेल्या पोत्यातलं मूठभर बी उचललं, नाकाशी नेलं. "याला शेळीचा वास कसा?"

गार्ड आभाळाकडे पाहू लागला. तेवढ्यात कुपाटीतून माझी सासू दोन शेळ्या घेऊन आत आली.

"ए गारड, शेंगा काढ बाबा! सकाळपासून उपाशी ठिवल्या तुझ्यासाठी."

"नर्सरीत शेळ्या?" साहेब ओरडले.

बाया माझ्याकडे पाहू लागल्या.

"साहेब," मी म्हटलं, "ट्रीटमेंट ह्याच करतात."

साहेबांनी रोपांकडे पाहिलं, शेळ्यांकडे पाहिलं आणि हसत हसत खालीच बसले. नर्सरी राहिली, कामही राहिलं. पाटीही राहिली, कारण ती काढायला वरून हुकूम लागतो. शेळ्या मागच्या कुपाटीतूनच येत राहिल्या.

गार्डनं पुन्हा कधी बी शिजवलं नाही. मी एवढंच शिकले की साहेबापुढे एकच वाक्य बोलायचा धीर असेल, तर ते खरं बोलावं. दुसरं जुळवत बसावं लागत नाही.