आशियाच्या फंडात ताईचे पैसे

निवृत्त झाल्यावर मी यवतमाळात बसून अख्खा आशिया सांभाळायला लागलो. तैवानचे कारखाने, कोरियाच्या बँका, व्हिएतनामचे बूट. सकाळच्या चहाबरोबर मोबाइलवर सगळ्यांची ख्यालीखुशाली. बायको म्हणायची, "आधी मोरीतली तोटी बदला."

बाभुळगावची माझी थोरली बहीण एकटीच शेती पाहते. शेताचा एक तुकडा रस्त्यात गेला, त्याचे पैसे तिने विश्वासाने माझ्याकडे आणले. ताईचा हात सैल. दिराने तोंड वेंगाडलं, पुतण्या रडला, की दिले. म्हणून मी परस्परच ठरवलं, हिचे पैसे पाच वर्षांच्या मुदतबंद फंडात टाकायचे. माझे मात्र खुल्या फंडात, केव्हाही काढता येतील असे. दोन्ही फंड आशियाचेच. तिला समजावलं, "भाव वाढावा म्हणून कापूस घरात भरून ठेवतं ना तू? तसंच समज." तिने लगेच सही केली. घरातला कापूस मनात येईल त्या दिवशी विकता येतो, ह्याचं तसं नाही, एवढं सांगायचं मी टाळलं.

दोन वर्षांत तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. ताई एसटीने आली, बसत बसत जिना चढली आणि म्हणाली, "आता काढ भाऊ माहे पैशे." तिची युनिट्स शेअर बाजारात विकता येत होती, पण गिऱ्हाईकच नव्हतं; एखादं आलं तर मातीमोल भावाने मागत होतं. माझ्या फंडातून आठवड्याभरात पैसे निघाले असते. तिचं ऑपरेशन त्यात आरामात झालं असतं. पण बाजार पडलेला होता आणि तोट्यात विकायला माझा जीव होईना.

"अडकले ताई."

"अन् तुहे?"

"माहेबी."

इतक्या सहज खोटं बोललो. ताईचा चेहरा उतरला, तो माझ्यासाठी. "कायले टाकले रे तू? माहे गुडघे थांबतेत. तुले लागले तं सांगजो, तूर निघाली का पैशे येतेत."

आता माझा फंड चांगला वर आला आहे. तरी मी पैसे काढत नाही. काढून दिले, तर माझे सुटले नि तिचे कसे नाही असं ती विचारेल, आणि माझे अडकलेच नव्हते हे तिला कळेल. मला माझीच किळस येते, पण तेवढी हिंमत येत नाही. दर रविवारी तिचा फोन येतो. स्वतःच्या पैशांचं ती विचारत नाही.

"तुहे सुटले काय रे?"

"नाही अजून," मी म्हणतो. मग ती मला धीर देते.