आधी रडून घे

"आधी रडून घे. मग भाकर खाऊ."

असं म्हणून ती रडणाऱ्या पोराला अंगणात खाली ठेवायची, त्याच्यासमोर फतकल मारून बसायची आणि कमरेची डबी काढून चिमूटभर तपकीर ओढायची. पोर हातपाय आपटायचं. ती शेजारी बांधलेल्या शेळीच्या गोचिडी काढायची. मध्येच पोर दमून थांबलं की विचारायची, "झालं का? न्हाई? मग घे अजून." रडायला इतकी मोकळीक मिळाली की रडण्यातली गोडीच जाते, हे तुम्हीही लहान मुलांच्या बाबतीत कधीतरी पाहिलं असेल.

उमापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला तिचं खोपट होतं. जातीनं धनगर, नवरा कधीच गेलेला, पदरी चार शेळ्या आणि थोडी मेंढरं. गावात सगळे तिला तोडणारी मावशी म्हणत. परगावचं माणूस हे नाव ऐकून दचकायचं. पण ती तोडायची ते पोरांचं अंगावरचं दूध. पोर चांगलं चालू-बोलू लागलं तरी आईचा पदर सोडेना, की बाया ते तिच्या खोपटात नेऊन सोडत. पोर निवळलं की ती परत पाठवायची.

तिच्याकडून आलेलं पोर लगेच ओळखू यायचं. दुधात कुस्करलेली भाकर ते आपल्या हातानं खायचं, मग निम्मी नाकाला का लागेना. शी लागली की अंगरखा वर धरून कुंपणाकडं पळायचं. तिनं प्रत्येकाला काम नेमून दिलेलं असे. कुणी चुलीपाशी काटक्या आणायच्या, कुणी करडाला पाला घालायचा. करडाला पाणी पाजताना निम्मं पाणी पोराच्याच अंगावर सांडायचं, पण ती शाबासकी द्यायची नाही की रागवायची नाही. "लाड त्याची माय करंल. हितं काम हाय," म्हणायची.

ती काही फार शहाणी होती असं नाही. सुरुवातीला ती पोरांना सांगायची, "माय बाजारला गेली." झालं असं, की घरी परतलेली पोरं बाजाराचा दिवस उजाडला की आईच्या पायाला मिठी मारून हंबरडा फोडू लागली. गल्लीतल्या एकाही बाईला बाजार करता येईना. बाया भांडायला गेल्या, तेव्हा तिनं "माय झोपली" सुरू केलं. आता पोरं रात्रभर आईच्या पापण्या ओढून बघायला लागली. शेवटी कंटाळून तिनं खरं तेच सांगायला घेतलं, "माय घरी हाय. पर दूध आता न्हाई मिळायचं." पोरं एकदा मोठ्यानं रडली आणि गप झाली. खरं बोलून भागतं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

एकदा महसुलाचे गिरदावरसाहेब जमिनीच्या मोजणीला आले होते. अंगणात पोर लोळतंय आणि ही समोर बसून तपकीर ओढतेय, हे पाहून ते घोड्यावरूनच ओरडले, "अगे बुढ्ढी, ये बच्चा कायकू रोता?"

"रडायला आलंय, सायेब. तुमालाबी रडायचं आसंल तर बसा," ती म्हणाली. साहेब घोडा हाकत निघून गेले.

आता माझ्या दगडूचं सांगते. माझी पहिली दोन गेली, तिसरा हा राहिला, म्हणून दगडू नाव ठेवलं. त्याला काही नाही म्हणायची माझी छातीच नव्हती. तीन वर्षांचा झाला तरी भाकरीचा तुकडा थुंकून टाकायचा आणि पदरात शिरायचा. त्यातच मला पुन्हा दिवस गेले. पाण्याचा हंडा उचलला की डोळ्यांपुढं अंधारी यायची. सासूबाई म्हणाल्या, "ह्याला तोड, न्हाईतर तू बी जाशील आन् पोटातलं बी." मी कडुलिंबाचा पाला वाटून छातीला लावला. त्यानं पहिल्यांदा तोंड वेडंवाकडं केलं, मग मिटक्या मारत प्यायला. पुढं तर लिंबाखालून जाताना पाला मागायला लागला!

शेवटी त्याला मावशीकडं नेलं. नेलं खरं, पण माझा जीव ठिकाणावर नव्हता. हा काहीच खात नाही, दूध तुटलं तर जगेल कसा? मी तिच्या कुंपणाआड जाऊन उभी राहायची. तिला बरोबर वास लागायचा.

"तू कशापायी आलीस गं?"

"मावशे, त्यानं काय खाल्लं का?"

"खाईल. घरी जा. कोकरू तोडलं की ते लवकर गप व्हतं. मेंढीच लई वरडती."

मी रागानं घरी आले आणि चुलीपुढं बसून खूप रडले.

पोर परत पाठवायची तिची एक रीत होती. कडेवर घ्यायचं नाही. पोरानं आपल्या पायांनी घरी जायचं. ते निघालं की ती त्याच्याकडं पाठ करून शेळ्यांकडं तोंड करायची. मी विचारलं होतं, तर म्हणाली, "म्या बघितलं तर ते बघंल. मागं बघितलं म्हंजी काम कच्चं."

दगडू एका सकाळी हातात काठी घेऊन असाच आला. मागं पाहिलं नाही. मी उंबऱ्यात हात पसरून बसले होते, डोळ्यांना धार लागलेली. तो थांबला, माझ्याकडं नीट पाहिलं आणि समोर फतकल मारून बसला.

"आदी ललून घे," म्हणाला. "मग भाकल."

मला हसू आवरेना आणि रडूही. त्या दिवशी त्यानं अर्धी भाकर खाल्ली. पुढं मला मुलगी झाली, चांगली धडधाकट. तिलाही मावशीनंच तोडलं.

दगडूला मिसरूड फुटलं, तोवर मावशीचे गुडघे गेले होते. युसूफ वडगाव या गावाहून तिचा पुतण्या गाडी घेऊन न्यायला आला. शेळ्या आम्ही गल्लीत वाटून घेतल्या. ती जायला तयार नव्हती. गोठ्याची लाकडी मेढ धरून उभी राहिली. शेवटी दगडूनं तिला अलगद उचलून गाडीत बसवलं. ती पदर सारखा करत आम्हा बायांना म्हणाली, "तुमी बघू नका गं. तुमी बघितलं तर म्या बघीन."

म्हणून आम्ही सगळ्या जणी शेळ्यांकडं तोंड करून उभ्या राहिलो. चाकांचा आवाज ओढ्यापर्यंत ऐकू येत होता. एकटा दगडू तेवढा रस्त्यावर उभा राहून बघत होता. त्यानं लहानपणापासून कुणाचं ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशी तरी काय ऐकणार!

घरी आल्यावर मी त्याला विचारलं, "तिनं मागं बघितलं का रे?"

तो माझ्यासमोर फतकल मारून बसला.

"आधी रडून घे, माय," म्हणाला. "मग सांगतो."

मी रडून घेतलं. त्यानं पुढं काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मग आम्ही दोघांनी भाकर खाल्ली.