मामाचा दात आणि तुळजाची बरोबरी

भगवंतमामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता यमाच्या रेड्याचं काही खरं नाही. मुकाट्यानं कुणाच्या मागून जाणारा माणूसच नव्हता तो. कुंभकोणमच्या बाजारात किडकी वांगी मिळाली म्हणून त्यानं ती एकेक करून विकणाऱ्याच्या कपाळावर फेकली होती. टाउन बसच्या कंडक्टरला कॉलर धरून दारासुरमला खाली खेचलं होतं, आणि बस कंडक्टरशिवायच पुढे गेली होती! मारामारी हा त्याचा व्यायाम... आणि नात तुळजा हा त्याचा जीव.

काही वर्षांपूर्वी लहान मुलांच्या जिल्हा बुद्धिबळ स्पर्धेत तिचा शेवटचा डाव चालला होता. जिंकली तर राज्याच्या संघात जाणार. बरोबरी झाली तर गुणांत पुढे असलेला समोरचा सेंदिल. तुळजा पटावर वाकून विचार करत होती आणि मामाला धीर निघेना. आम्ही तंजावरी मराठी माणसं बाहेर तमिळ बोलतो आणि गुपितं मराठीत सांगतो, कारण इथे ती कळतात कुणाला? मामा खुर्चीवरून ओरडला, "उंटानं राजापुढचं प्यादं मार गे!"

पंचांना वाटलं, म्हातारा देवाचा धावा करतोय. पण मागच्या रांगेतून सेंदिलचे आजोबा उठले. तिरुप्पनंदाळचे, कपाळभर विभूती, सकाळपासून तोंडात फक्त तमिळ. ते खणखणीत मराठीत गरजले, "पुन्हा तोंड उघडशील तर दांत पाडीन, बा!"

मामानं तोंड उघडलं. शिवाय छत्रीही उगारली. ती आजोबांच्या कानशिलावर मोडली आणि आजोबांचा कॉफीचा पितळी टंबलर मामाच्या जबड्यावर बसला. समोरचा दात खुर्चीखाली, दोघांच्या वेष्टी-धोतरांवर रक्त, आणि दोघांच्या तोंडी पूर्वजांच्या काळच्या शिव्या... इतकं अस्सल मराठी मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं!

पटापाशी तुळजानं शांतपणे हात पुढे केला. बरोबरी.

बर्फ लावलेल्या तोंडानं मामा गुरगुरला, "ती चाल दिसली नाही का गे तुला?"

"तुमच्याआधी दिसली होती, आजा. पण तुम्ही ओरडलात. मग ती माझी कुठे राहिली?"

ती रडली नाही. आयुष्यभर मार देऊन-खाऊन कोरडा राहिलेला मामा मात्र रडला.

त्यानंतर तिच्या प्रत्येक डावाला मामा उपरण्याची घडी दातांत गच्च धरून बसायचा, मानेच्या शिरा टरारलेल्या. शेजारी पहाऱ्याला सेंदिलचे आजोबा. "चाव, बा, चाव," म्हणायचे.

गेल्या रविवारी, मामाशिवायच्या पहिल्या डावाला, तुळजानं ते उपरणं त्याच्या खुर्चीवर ठेवलं. घडीवर दातांच्या खुणांची ओळ आहे, मधे एक जागा मोकळी. आजोबांनी त्या जागेवर हलकेच बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "हा माझा."