वीणाची नजर

गंगेकाठच्या बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत राहणाऱ्या शरदिनीला शहाण्या माणसांचा मनस्वी तिटकारा होता, आणि तो काही उगाच आलेला नव्हता. बाहत्तर सालची गोष्ट. तिची वीणा तीन वर्षांची झाली तरी मान धरेना, बोलेना; हात सदा मुठी आवळून छातीशी. डॉक्टरांनी पोरीकडे नीट न बघताच सांगून टाकलं, "हिला समज येणार नाही. दुसरं होऊ द्या." शेजारणी वीणाच्या तोंडावरच हळहळायच्या, जणू पोर बहिरीच. आणि चुलत सासरे यज्ञेश्वरकाका, पंचगंगा घाटावर पूजा सांगणारे, रोज पोरीच्या कपाळी विभूती लावून तिचं पूर्वजन्मीचं पाप समजावायचे. पाप कोणतं, ते मात्र त्यांनाही ठाऊक नसायचं.

शरदिनीला एक दिसलं होतं. शेगडीवरचं दूध वर येऊ लागलं की वीणा आधी आईकडे बघून खिदळायची. आता आई धावणार, हे तिला कळायचं. मग शरदिनी तिच्यापुढे दोन वाट्या पालथ्या घालून एकीखाली खुळखुळा लपवू लागली. "कुठं गेला गं?" वीणाचे डोळे सावकाश वळायचे, पण नेमक्या वाटीवर थांबायचे.

"योगायोग!" काका म्हणाले. त्यांनी आपली तपकिरीची डबी वाटीखाली ठेवली आणि हळूच काढून उपरण्यात सरकवली. वीणाने वाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उपरण्याकडे बघत ती खदखदून हसली.

काका ओशाळले? छे! संध्याकाळपर्यंत घाटभर झालं, यज्ञेश्वरजींच्या विभूतीने मुलीला बुद्धी आली.

"काका," शरदिनी म्हणाली, "मग तीच विभूती तुमच्या गुडघ्यांना का नाही लावत?"

काकांनी तिच्या हातचा चहा सोडला. तिला तेवढाच निवांतपणा.

पुढे तिने पाटीवर अक्षरं लिहून वीणाला नजरेने निवडायला शिकवलं. एका शाळेने "ऐसे बच्चे कहाँ सीखते हैं" म्हणत फाटकातूनच परत पाठवलं. दुसरीने मागच्या कोपऱ्यात जागा दिली आणि वर आभारांची वाट पाहिली. शरदिनीने आभार मानले नाहीत. पोरीला कडेवर घेऊन ती रोज जात राहिली.

वीणा दहा वर्षांची असताना एका पाहुण्याने तिच्यासमोरच विचारलं, "हिला काही कळतं का हो?"

शरदिनीने वीणापुढे अक्षरांची पाटी धरली. वीणाची नजर एकेका अक्षरावरून फिरली. शरदिनीने जोडून वाचलं आणि हसू दाबायला पदर तोंडाशी धरला.

"तुम्हाला?"