भर उन्हाळ्यात बंद ठेवलेला कूलर

त्यानं मला पहिल्यांदा उचललं, तेव्हाच मला संशय आला.

खेळातली गोष्ट आहे ही. रविवारी दुपारी आम्ही तिघं एक सैनिकी खेळ खेळतो, आपापल्या घरी बसून, इंटरनेटवरून. मी माझ्या कॉम्प्युटरवर, मेहुणा पुण्याला त्याच्या, आणि तिसरा माझा शाळेपासूनचा मित्र, इथंच नागपुरात, इतवारीच्या बाजारात, मुलगा शिकायला बाहेरगावी जाताना मागं ठेवून गेला त्या टीव्हीला जोडायच्या खेळाच्या डब्यावर. पडद्यावर आपले फक्त हात आणि बंदूक दिसते. कानाला हेडफोन, तोंडासमोर माईक. आमच्यासारखी तिघातिघांची पथकं एका उजाड शहरात उतरतात आणि एकमेकांना टिपत फिरतात. गोळी लागली की गडी लगेच मरत नाही. तो खाली पडतो, सरपटतो, आणि साथीदार जवळ येऊन बसला, त्यानं हात लावला, तर पुन्हा उठतो. कोणी आलं नाही तर संपला.

माझा मित्र कधीच येत नसे. तो कापडाचा ठोक व्यापारी. खेळातही पडलेल्या शत्रूचं सामान गोळा करायला सगळ्यात पुढं, आणि आम्ही जमिनीवरून हाका मारत असलो की म्हणायचा, "तू मर ना गा मास्तर, मी चांगली बंदूक घेऊन येतो." शाळेत डब्यातली लोणच्याची फोडसुद्धा त्यानं कधी कोणाला दिली नव्हती. मला त्याचा राग नव्हता. माणूस जसा आहे तसाच राहिला की मला बरं वाटतं.

उन्हाळा लागता लागता एका रविवारी मी एका भिंतीआड पडलो. हाकसुद्धा मारली नाही, उगाच घसा का कोरडा करायचा. तर समोर धुराचा गोळा येऊन फुटला, धुरातून तो आला, मला उचललं, माझ्यापुढं गोळ्यांची पेटी ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. मी आभार मानले नाहीत. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी नागपुरातच, सदर भागातल्या एका शाळेत गणित शिकवतो आणि परीक्षांच्या दिवसांत कॉप्या पकडायला भरारी पथकातून फिरतो. एकाएकी सुधारलेल्या मुलाच्या बाकाखाली मी आधी वाकून पाहतो. बायको म्हणते हा रोग आहे. असेल. पण या रोगापायी मी कंपासपेटीच्या झाकणात, मोज्यात, एकदा तर हाताच्या प्लास्टरमध्ये लपवलेल्या कॉप्या काढल्या आहेत, त्यामुळे औषध घ्यायचा माझा विचार नाही.

मग मी त्याच्यावर नजर ठेवायला लागलो. पहिली गोष्ट, त्याचा माईक बंद. खराब झाला म्हणे. दर उन्हाळ्यात त्याच्या माईकमधून कूलरची अशी घरघर यायची की मेहुणा वैतागून ओरडायचा, आणि हा म्हणायचा, तू मे महिन्यात इतवारीत येऊन बस, मग मले कूलर बंद करायले सांग. आता घरघर नाही आणि त्याचा आवाजही नाही. बोलायच्या ऐवजी तो नकाशावर खुणा टाकायचा. शत्रू इथं आहे, अशी लाल खूण. आणि ती नेमकी असायची.

दुसरी गोष्ट मी मेल्यावर पाहिली. या खेळात मेलेल्याला सोय आहे: तो आपल्या जिवंत साथीदाराच्या डोळ्यांनी पुढचा खेळ पाहू शकतो. मी मुद्दाम लवकर मरायला लागलो. त्याच्या पडद्यावर मी जे पाहिलं ते मला पुरेसं होतं. तो कोऱ्या भिंतीवर बंदूक रोखून उभा राहायचा, आणि थोड्या वेळानं तिथूनच, भिंतीच्या कडेनं, माणूस बाहेर यायचा. भिंतीपलीकडचं दाखवणारी चोरटी सॉफ्टवेअरं मिळतात, हे आमच्या शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. एवढं करून तो नेम चुकवायचा. मेहुणा म्हणाला, "मंग चोरी कशी जिजाजी? त्याची तर एकही गोळी कोणाले लागून नाही राहिली." मी म्हटलं, हुशार कॉपीबहाद्दर दोन उत्तरं मुद्दाम चुकवतो.

हे सांगायला नको होतं. मेहुण्याच्या डोक्यात ते बसलं. पथकात एक जण चोर निघाला तर बाकीच्यांनी कमावलेली क्रमवारीतली पायरीही खेळाची कंपनी काढून घेते, आणि मेहुण्यानं त्या पायरीसाठी कितीतरी रविवार बायकोची बोलणी खाल्ली होती. "आपण दोघं मिळून रिपोर्ट टाकू," तो म्हणाला. "त्याचं खातं कायमचं बंद करतील, आपण सुटू. अन् तुम्ही काहून त्याची बाजू घेऊन राहिले?"

मी बाजू घेत नव्हतो. पण कॉपी हातात आल्याशिवाय मी आजवर एकाही पोराविरुद्ध सही केलेली नाही. मी म्हटलं, येत्या रविवारी तू त्याच्याशी खेळायला बस, माझं काम निघालं म्हणून सांग. मी धाड टाकतो.

मे महिना, भर दुपार. तोंडाला दुपट्टा गुंडाळून मी स्कूटर काढली. रविवारची इतवारी बंद होती, शटरं खाली, हातगाड्या एकात एक अडकवून भिंतीला टेकवलेल्या. त्याचं घर दुकानाच्या वरच. मी चपला खालीच काढल्या. धाडीला जाताना पायांचा आवाज होऊ देऊ नये, ही माझी जुनी सवय. जिन्याच्या पायऱ्या इतक्या तापल्या होत्या की मी जवळजवळ उड्या मारत वर गेलो.

वर गेलो आणि चपापलो. कूलर बंद होता. वीज गेली नव्हती, टीव्ही सुरू दिसत होता. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी, घरात माणसं असताना, कोणी कूलर बंद करून बसत नाही. दार उघडं होतं. मी पडद्याआडून पाहिलं.

टीव्हीसमोर वहिनी बसल्या होत्या. गळ्यात टॉवेल, कपाळावरून घाम गळतोय, आणि खेळाचा रिमोट त्यांच्या हातात. शेजारी माझा मित्र, कानाला हेडफोन, डोळे मिटलेले.

"डावीकडं," तो म्हणाला. "जिन्यावर हाये. दोघं. एक थांबला... दुसरा येऊन राहिला, आता."

वहिनींनी बंदूक डावीकडच्या भिंतीवर नेली. माणूस निघाला. त्यांनी गोळ्या झाडल्या, सगळ्या छताला लागल्या.

"चुकलं?"

"चुकलं."

"मले ऐकू आलं. तो पडलेला सोड आता, पुढं चाल."

"सोडू कसा? माणूस पडला तिथं," वहिनी म्हणाल्या आणि माझ्या मेहुण्याला उचलायला गेल्या. हा करवादला, "हे रोजचंच हाये तुहं," पण त्या काही थांबल्या नाहीत. भिंतीपलीकडचं त्याला दिसत नव्हतं. त्याला पावलं ऐकू येत होती. कूलर बंद होता तो त्यासाठी, आणि माईक बंद होता तो वहिनींना जे सांगायचा ते आम्हाला कळू नये म्हणून.

तेवढ्यात वहिनींचं दाराकडे लक्ष गेलं आणि त्यांचे हात थांबले. पडद्यावर त्यांचा गडी तिथल्या तिथं टिपला गेला.

"काहून थांबली वं?"

"भाऊजी आले."

त्यानं हेडफोन काढला आणि दाराकडे तोंड केलं. डोळे आता उघडे होते. "कोणते भाऊजी?" त्यानं विचारलं. तो माझ्याकडेच पाहत होता, थोडा माझ्या डाव्या खांद्याच्या बाजूला. दारातून त्याच्यापर्यंत चार हातांचंही अंतर नव्हतं. मला वाटलं तसंच मागं फिरून जिना उतरावा.

साखर डोळ्यांत उतरली होती. डोळ्यांच्या पडद्यावर रक्त साचत होतं, सुया टोचून झाल्या, उजेड आणि हलती सावली एवढंच राहिलं होतं. महिने झाले होते. बाजारात बोभाटा नको म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मी काय बाजार आहे का? तो म्हणाला, "तुले सांगितलं असतं तर तुह्या मेहुण्याले कळलं असतं. त्याले जिंकायचं राहते. तो आंधळ्याले कशाले ठेवंन?" मग म्हणाला, "दुकानात मले आता गादीवर बसवून चहा पाजतात. रविवारी इथं मी कामाचा हाये गा. एवढंच उरलं, ते जाऊ द्यायचं नव्हतं."

मी पकडायला आलो आहे हे मी सांगितलं नाही. त्यानं ओळखलं असावं. माझी धाड घालायची खोड त्याला पाचवीपासून माहीत आहे.

मेहुणा तिकडे एकटाच लढून मेला होता, खेळ संपला होता. माझ्या जागी कंपनीनं कोणी अनोळखी गडी जोडून दिला होता. टीव्हीवर तिघांची नावं उतरत्या क्रमानं आली. "तुमचंच नाव वर हाये," वहिनी त्याला म्हणाल्या, अगदी सहज, रोज म्हणत असल्यासारखं.

तो हसला नाही. माझ्याकडे, म्हणजे माझ्या खांद्याकडे, वळून म्हणाला, "मास्तर, हाये का वर?"

वहिनी त्याच्या मागून, हो म्हणा म्हणून, मान हलवत होत्या. हात जोडले नाहीत एवढंच. मला खोटं बोलता येत नाही अशातला भाग नाही, वेळ पडली की मी बोलतो. पण त्यानं ज्या आवाजात विचारलं तो मी ओळखत होतो. तो माझाच आवाज होता. बाकाखाली वाकताना माझा होतो तो.

"नाही," मी म्हटलं. "मेहुणा वर, तो अनोळखी मध्ये. तू तिसरा."

"तिसरा म्हणजे शेवटचा."

"शेवटचा."

मग तो म्हणाला, "मले वाटलंच होतं. डॉक्टर म्हणते, सुधरून राहिलं. पोरगं फोनवर म्हणते, बाबा, आवाज चांगला वाटते तुमचा. पुतण्या म्हणते, काका, तुमच्याबिगर भाव ठरत नाही, अन् ठरवून मंग मले सांगते. ही म्हणते, पहिला आला. सगळे गोड बोलून राहिले मास्तर. कोणाचं खरं धरू मी? कापड तरी हाताले कळते. माणसाचं कसं पाहू?"

आयुष्यभर माणसावर संशय घेणं हे माझं काम, त्याच्यावर ते घरबसल्या येऊन पडलं होतं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

वहिनी टॉवेलनं तोंड पुसत आत निघून गेल्या. त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. मे महिन्यात, उन्हातून आलेल्याला. मी कूलर सुरू केला, थोडा वेळ त्याच्यापुढं बसलो आणि तहानेलाच जिना उतरलो.

घरी येऊन मेहुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण त्याची पायरी त्याला सुटेना. "एका खात्यावर दोघं जण, म्हणजे चोरीच झाली ना?" मग मी त्याला परीक्षेचा नियम सांगितला. ज्या मुलाला दिसत नाही त्याला पेपर लिहायला लेखनिक मिळतो. मुलगा सांगतो, लेखनिक लिहितो. अशा मुलांच्या वर्गावर मी स्वतः पहारा दिला आहे, आणि डोळ्यांत तेल घालून दिला आहे, कारण लेखनिकच उत्तरं सांगत नाही ना ही शंका माझ्यासारख्याला येणारच. पण ती कॉपी नव्हे.

"लेखनिक खालच्या वर्गातला लागते ना पण?" मेहुणा म्हणाला. त्यानंही कधीतरी ऐकलं असणार.

"तू वहिनींचा नेम पाहिला नाहीस का?"

तो हसला. रिपोर्ट टाकला नाही. माझी एकच अट होती, माईक सुरू ठेवायचा. जे काय सांगायचं ते आमच्यादेखत सांगा. मी काही एका दिवसात सुधारलेलो नाही.

पुढच्या रविवारी तिघंही उतरलो. माईक सुरू, कूलर बंद. "उजवीकडं, पत्र्यावर," हा सांगायचा आणि आम्ही तिघं त्याच्या कानांवर चालायचो. वहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या. मेहुण्याला "तुम्ही पुढं व्हा भाऊ" म्हणायच्या, माझ्या नावानं अवाक्षर नाही. मग एका पडक्या दुकानापाशी मला गोळ्या लागल्या. मी सरपटत त्यांच्या वाटेवर आलो. त्या आल्या, अगदी जवळ आल्या, आणि मला ओलांडून सरळ पुढं निघून गेल्या.

"कोण पडलं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही."

"मास्तर पडला ना? मले ऐकू आलं. मागं फिर."

"तुम्हीच म्हणता ना, पडलेल्याले सोडून द्या म्हणून."

"फिर म्हणतो ना. उचल वं त्याले."

इतक्या वर्षांत हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. पडद्यावरचा माझा सैनिक विझत चालला होता. मग वहिनींची पावलं मागं वळली, त्यांचा गडी माझ्याशेजारी बसला, आणि हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला.

"मास्तर, तिसराच हाये ना मी अजून?"

"तिसराच."

"बरं," तो म्हणाला, आणि मी उठलो.