न ऐकलेलं वाचन

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. माझी बाकीची गाऱ्हाणी त्याला तोंडपाठ आहेत — शाळेची, पालकांची, सकाळच्या ट्रॅफिकची — पण हे नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवा इथल्या अल मजाज बागेत, तळ्याच्या कठड्याशी जे झालं, त्यानंतर माझा स्वतःवरच इतका संताप होतोय की कुठेतरी बोलल्याशिवाय राहवत नाही.

मी शारजात एका भारतीय शाळेत केजी टूला शिकवते. पाच वर्षांची सव्वीस मुलं, मी, आणि एक मदतनीस बाई, जिचा अर्धा दिवस मुलांना बाथरूमला नेण्यातच जातो. या सव्वीस जणांना वर्ष संपेपर्यंत वाचता आलंच पाहिजे. कोण ठरवतं हो हे? पाच वर्षांच्या मुलाच्या बुटाची नाडी ज्यांनी कधी बांधली नसेल, असे लोक. ... बघा, सुरू झालं माझं. कुरकुर मला छान जमते. मुद्द्यावर येते.

प्रत्येक मुलाच्या दप्तरात एक चेनची प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात एक छोटं पुस्तक आणि एक रीडिंग डायरी. पुस्तक घरी न्यायचं, आईबाबांनी मुलाकडून वाचून घ्यायचं आणि डायरीत डाव्या पानावर सही करायची. शाळेत मी आठवड्यातून दोनदा त्या मुलाला शेजारी बसवायचं, पान-दोन पानं ऐकायची आणि उजव्या पानावर शेरा लिहायचा. कागदावर किती सोपं! प्रत्यक्षात एकाला जवळ घेतलं की उरलेल्या पंचवीसांत कोणी खडू खातंय, कोणी कोणाला चावलंय, कोणाला आत्ताच्या आत्ता मम्मा हवीय.

सुरुवातीला मी खरंच ऐकायचे. इथे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि उन्हाळ्याची सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये; त्या सुट्टीनंतर — हळूहळू सुटलं. दर गुरुवारी मुलं खेळाच्या तासाला गेली की मी सगळ्या डायऱ्या पुढ्यात ओढायचे आणि शेरे लिहून टाकायचे. ‘व्हेरी गुड’. ‘रीड्स वेल’. तारखा मागच्या घालायच्या. पेनसुद्धा बदलायचे, एकदा निळं, एकदा काळं — एका बैठकीत लिहिलंय असं दिसू नये म्हणून. म्हणजे आळस होता असंही म्हणता येत नाही. आळशी माणूस एवढे कष्ट घेईल का?

दंगेखोर मुलं आपणहून अंगावर येऊन वाचून दाखवायची. राहून गेली ती गप्प मुलं. शर्वरी गप्प होती. दोन घट्ट वेण्या, चापूनचोपून तेल, आणि रांगेत कायम शेवटी. वडील लांब, दुबईपलीकडे जबल अली बंदराजवळ गोदामात सुपरवायझर, पहाटे कंपनीच्या बसने जायचे. आई, रंजनाताई, घरीच असायच्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. सप्टेंबरातल्या पालकसभेत मी मराठी आहे कळल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला होता! म्हणाल्या, “वेण्या घालताना मी तिला गोष्ट सांगते मॅडम. रोज नवी लागते. गोष्ट संपल्याशिवाय दुसरी वेणी घालू देत नाही.” मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. हे मुद्दाम सांगून ठेवते.

जानेवारीत आमच्या सुपरवायझर मॅडम वाचन तपासायला आल्या. शर्वरीला पुढे बोलावलं. मॅडमनी चित्र हाताने झाकलं आणि खालचा इंग्रजी शब्द वाचायला सांगितला. तीन अक्षरांचा. तिने तिन्ही अक्षरांचे आवाज बरोबर म्हटले, एकेक सुटे. आणि थांबली. पुन्हा म्हटले. पुन्हा थांबली. मग माझ्याकडे बघितलं. ते आवाज एकमेकांना जोडायचे असतात, हे तिला कोणी दाखवलंच नव्हतं. इतके महिने ती चित्र बघून बोलत होती. आणि हे कळायला मला काय लागलं असतं? एकदा, फक्त एकदा, पाच मिनिटं तिच्याजवळ बसणं.

मॅडमनी डायरी उघडली. उजव्या पानावर ओळीने माझं ‘रीड्स वेल’. “टीचर, मदर को बुलाओ. कल ही. और डायरी लेके आओ, मैं भी बैठूँगी.”

त्या दुपारी मी पहिल्यांदा डावी पानं वाचली. सहीखाली रंजनाताईंनी मराठीत लिहिलं होतं. ‘मॅडम, ही चित्र बघून सांगते. चित्र झाकलं की गप्प बसते. मी काय करू ते कळवा.’ ऑक्टोबरात एकदा. नोव्हेंबरात एकदा. डिसेंबरात पुन्हा, अक्षर जास्तच जपून काढलेलं — आधीचं मला लागलं नसेल असं वाटलं असेल का त्यांना? तिन्ही वेळा समोरच्या पानावर माझा शेरा होता. लोकांच्या मुलांना वाचायला शिकवते मी!

सुपरवायझर मॅडम केरळच्या. त्यांना मराठी कळत नाही. पण उद्या त्यांनी ‘यह क्या लिखा है?’ असं विचारलं असतं तर? मी डायरीचे चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या पिशवीत, रंगाने बरबटलेल्या कागदांखाली घातले. नवी कोरी डायरी काढली. जुनी हरवली, असं मॅडमना सांगितलं. पण एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं.

दुसऱ्या दिवशी रंजनाताई खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या, शेजारी सुपरवायझर मॅडम. “मॅडम, मी डायरीत लिहिलं होतं—” एवढं त्या म्हणाल्या आणि मी त्यांना मध्येच तोडलं. मराठीत, अगदी प्रेमाने. म्हटलं, “ताई, तुम्ही घरी मराठीच बोलता ना? तिथेच गोंधळ होतोय. दोन भाषांमुळे ती वाचनात मागे पडतेय. घरी मराठी एकदम बंद करा.”

हे खोटं आहे, हे मला ठाऊक होतं. कोणी माझी दिशाभूल केली नव्हती. घरात गोष्टी ऐकणारं मूल पुढे जास्त चांगलं वाचतं, हे मी स्वतः ट्रेनिंगमध्ये शिकले, दुसऱ्या आयांना सांगितलंही.

“मला इंग्लिश येत नाही हो,” त्या म्हणाल्या.

“येईल हळूहळू. कम, सिट, ईट, एवढं तर येतं ना?”

“आणि गोष्टी?”

“गोष्टीपण नको.”

त्यांनी मान डोलावली. मॅडमना मी सांगितलं, होम लँग्वेज इश्यू. “ओके, खलास,” म्हणून त्या पुढच्या पालकांकडे वळल्या.

पुढच्या वर्षी दुसऱ्या टीचरने शर्वरीला रोज दहा मिनिटं शेजारी बसवलं. दिवाळीपर्यंत मुलगी वाचायला लागली. तेव्हा मी रंजनाताईंना फोन करून सांगू शकले असते की आता घरी मराठी बोला. नंबर होता माझ्याकडे. नाही केला. त्यांनी ‘का?’ म्हणून विचारलं असतं तर?

या गोष्टीला चार वर्षं झाली. परवा तळ्याकाठी त्या दोघी भेटल्या. शर्वरी खांद्याला लागलीय आता. “मॅडम, तुमचे उपकार,” रंजनाताई म्हणाल्या. “तुम्ही सांगितल्यापासून आम्ही दोघांनी घरात हिच्यासमोर मराठीचा एक शब्द काढला नाही. आता एवढी जाड पुस्तकं वाचते!” मी शर्वरीला विचारलं, काय वाचतेस? आणि ती गप्प मुलगी सुटली — इंग्रजीत, हातवारे करत. बेटावर हरवलेल्या बहिणींची कुठलीशी गोष्ट, वादळ, होडी, सगळं. रंजनाताई आळीपाळीने आम्हा दोघींच्या तोंडाकडे बघत हसत होत्या.

तिचं संपल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, “काय म्हणाली ती?”

मी सांगितलं. त्यांच्या लेकीचं बोलणं, त्यांना, मराठीत. शर्वरी शेजारीच उभी होती, आम्ही काय बोलतोय ते तिला कळत नव्हतं. “मम्मा, कॅन वी गो?”

“यस. कम,” रंजनाताई म्हणाल्या.

मी तेव्हाही सांगितलं नाही. म्हटलं, “छान वाढवलीत हं मुलीला.” त्यांनी पुन्हा माझे आभार मानले. मी ते घेतले.