बाळंतिणीसाठी आणलेली मुशी

आमची मुलगी जन्मली तेव्हा आम्ही विरारच्या फ्लॅटमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. आठवडा होत आला तरी बायकोला दूध उतरेना. पोर भुकेनं रडायची आणि रडून थकली की नुसती टक लावून बघायची. ते बघणं जास्त भयंकर होतं. शेवटी आईने फर्मान काढलं, बाळंतिणीला मुशीचं कालवण द्या, दूध येतंच. मुशी म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा लहान शार्क.

सकाळीच स्कूटर काढून मी अर्नाळ्याला गेलो. मासळीतलं मला काही कळत नाही, पण कळत असल्याचा रुबाब भरपूर. हापूस निवडावा तसं दाबून दाबून मी सगळ्यांत गरगरीत पोटाची मुशी उचलली. विकणाऱ्या बाईनं विचारलं, "बायको बालंतीन हाय ना?" मी ऐटीत मान डोलावली. तिने एकदा मुशीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मुशी पिशवीत टाकली.

घरी वीज गेलेली. पडदे ओढलेले, ओव्याच्या धुरीने खोल्या भरलेल्या. आई विळीवर बसली. मी रडणाऱ्या मुलीला खांद्यावर घेऊन, माझ्या खरेदीचं कौतुक ऐकायला स्वयंपाकघराच्या दारात उभा. आईने पोट चिरलं आणि तिचा हात थांबला.

"ही पोटुशी होती रे."

ताटात पिल्लं पडली होती. बोटाएवढी, फिकट, डोळे मात्र पुरते उघडे. प्रत्येकाच्या पोटाला बारीक नाळ. माशाला नाळ असते हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या खांद्यावरच्या मुलीची नाळ तर अजून गळायची होती. एका पिल्लाने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज काहीच नाही. आणि मुलगी रडायची थांबली.

कानाला फडकं बांधलेली बायको मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. तिला हे कालवण नको होतं. पोरीचा तरी विचार कर, असं आई म्हणाली.

"तिचाच करतेय," बायको म्हणाली. मग मला, "अहो, यांना पाण्यात सोडून या."

मी बादलीत नळाचं पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं. म्हटलं, झाला समुद्र! बादली पायांत धरून निघालो. आगाशीच्या वळणावर आतून टकटक ऐकू आली. बादलीची कडी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग थांबून कडी रुमालाने बांधली. टकटक थांबली नाही.

अर्नाळ्याला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी बादली उपडी केली. पिल्लं लाटेबरोबर निमूट मागेपुढे होत राहिली. एक मात्र लाटेच्या उलट गेलं. निदान मला तसं दिसलं.

"गेली?" घरी येताच बायकोने विचारलं.

"एक गेलं."

बाकीच्यांचं तिने विचारलं नाही. मुलीला पदराखाली घेऊन ती भिंतीकडे तोंड करून बसली. मग घुटके ऐकू आले, एकामागून एक. आईने श्रेय हळिवाच्या खिरीला दिलं. ती खीर तर पहिल्या दिवसापासून चालू होती.

त्यानंतर बाजारात आईही मुशीचं पोट दाबून बघायची. गरगरीत असली की खाली ठेवायची. तशा मुशी हळूहळू दिसेनाशाच झाल्या. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा आगाशीच्या बाजारात नुसते बोटाएवढ्या मुशींचे ढीग असायचे. एकदा ती अशा ढिगापाशी थांबली. हात ओढला तरी हलेना. वाकून बघत ती तोंड उघडत होती, मिटत होती, आवाज न करता.

आम्ही तिला त्या सकाळबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं.